धुराचे व्याज, आयुष्याचे मुद्दल

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास जन्माला येणाऱ्या भारतीय मुलाच्या वाट्याला सरासरी ३२ वर्षांचे आयुष्य होते. आज हा आकडा सत्तरीला पोचला आहे. एकाच माणसाच्या हयातीत साऱ्या देशाचे सरासरी आयुष्य दुपटीहून अधिक व्हावे, ही गोष्ट खरे तर अचंब्याची. पण ती इतकी सावकाश घडली की आपण ती गृहीत धरून विसरूनही गेलो.

त्याच काळातला दुसरा आकडा पाहा. १९५०-५१ साली आपण वर्षाला सुमारे ३.३ कोटी टन कोळसा खणून काढत होतो. २०२४-२५ मध्ये तो १०४ कोटी टनांवर गेला. म्हणजे तीसपटीहून अधिक वाढ. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की मनात एक सोयीचा निष्कर्ष आपोआप उमटतो : कोळसा जळला, धूर झाला हे खरे, पण त्यामुळेच माणसे जगली. मग हवामानबदलाच्या एखाद्या परिषदेत श्रीमंत देशाचा प्रतिनिधी ‘कोळसा कमी करा’ असे म्हणाला की आपल्याला ते ‘तुम्ही थोडे कमी जगा’ असेच ऐकू येते.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. खात्यातली शिल्लक वाढलेली दिसली म्हणून तो खूश होत नाही. ती कोणत्या नोंदीने वाढली, हे पाहिल्याशिवाय त्याचा हात सहीकडे जात नाही. आयुष्याच्या या खातेवहीतही नोंदी उलगडून पाहायला हव्यात, कारण प्रश्न रुपयांचा नाही, वर्षांचा आहे.

वर्षे आली कुठून?

सरासरी आयुष्य ३२ वर्षे, याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत होती असा नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांत सत्तरी पाहिलेली माणसे होतीच. सरासरी खाली ओढत होती ती पाळण्यातली मरणे. समजा, पाच भावंडांपैकी दोन जन्मताच गेली आणि तिघे साठ वर्षे जगली, तर पाचांची सरासरी भरते ३६. ती दोन बाळे वाचवा आणि त्यांनाही साठीपर्यंत पोचू द्या. थोरल्या तिघांचे आयुष्य एका दिवसानेही न वाढता सरासरी साठावर जाते. गरीब देशांच्या वाढलेल्या आयुष्याचा मोठा भाग असा पाळण्यातून आलेला आहे.

सॅम्युएल प्रेस्टन या अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली निरनिराळ्या देशांचे उत्पन्न आणि आयुर्मान यांची सांगड घालून पाहिली. श्रीमंत देश जास्त जगतात, हे त्यात दिसलेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी होती. तेवढ्याच उत्पन्नात १९६० च्या दशकातला देश १९३० च्या दशकातल्या देशापेक्षा कितीतरी अधिक जगत होता. म्हणजे वाढलेल्या वर्षांपैकी बहुतेक वर्षे वाढत्या पैशाने विकत घेतलेली नव्हती. लस, स्वच्छ पाणी, डासांचा बंदोबस्त आणि हात धुण्याचे शहाणपण यांनी ती मिळवून दिली होती.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालानबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि ते पाणी आप्तांच्या हातून रुग्णांना पाजायला लावले. शंभरातले तीस रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. त्या भांडंभर पाण्याने जगभर वाचवलेल्या मुलांची गणती आज कोट्यवधींत केली जाते. त्यासाठी किती कोळसा जळाला असेल?

महाराष्ट्रातही अशी एक जोडगोळी आहे, जिल्ह्यांची. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. वाटणीत चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि पुढे २,९२० मेगावॉटपर्यंत वाढलेले औष्णिक वीज केंद्र आले. गडचिरोलीकडे जंगल आले. त्या जंगलात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांच्या पिशवीत तापमापी, वजनकाटा, बाळाला गुंडाळायची ऊबदार झोळी, श्वास अडला तर हवा द्यायचे साधन आणि मोजकी औषधे असत. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांना हीच घरपोच नवजात-सेवा शिकवली जाऊ लागली. वीज चंद्रपूरने दिली, बाळांची वर्षे मात्र गडचिरोलीच्या पिशवीतून निघाली.

पहिला टन आणि आठवा टन

याचा अर्थ आयुष्य वाढवायला धूर लागतच नाही, असा करून घेऊ नये. लस थंड ठेवायला शीतपेटी लागते. बाळंतपणाच्या खोलीत रात्री दोन वाजता दिवा लागतो. विहिरीचे पाणी टाकीत चढवायला पंप लागतो. खत, सिमेंट, रुग्णवाहिकेचे डिझेल या सगळ्यांच्या मागे कुठेतरी काहीतरी जळतच असते.

स्वयंपाकघराचेच पाहू. लाकूड-गोवऱ्यांची चूल म्हटले की शहरातल्या माणसाला भाकरीचा खमंग वास आठवतो. चुलीपुढे बसलेल्या बाईला मात्र खोकला आठवतो. कर्क स्मिथ हे अमेरिकी शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत धूर मोजायची उपकरणे घेऊन हिंडले. कारखान्याच्या धुराड्यापेक्षा घरातली चूल बायकांच्या फुप्फुसांना अधिक घातक ठरू शकते, हे जगाला पटवण्यात त्यांनी पुढची चार दशके घालवली. हवामानाची काळजी वाहणाऱ्या याच माणसाने २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पेट्रोलियमची बाजू घेणारे टिपण लिहिले. गरिबाच्या घरी गॅसची शेगडी पोचण्याने जगाच्या कार्बनमध्ये पडणारी भर नगण्य आहे, आणि बाई-बाळाच्या आयुष्यात पडणारी भर फार मोठी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच दशकांत आम्ही बँकवाले खेडोपाडी गोबरगॅसची कर्जे वाटत होतो. कागदोपत्री ते इंधन बचतीचे कर्ज असे. वस्तुतः ते आयुष्याचे कर्ज होते, आणि त्या संयंत्राची मागणी बहुधा घरच्या बाईकडूनच आलेली असे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅस जोडणी नेली, त्यामागे हेच तत्त्व आहे.

तर पहिला टन आयुष्य देतो. पण पाचवा, आठवा, चौदावा टन काय देतो?

भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकी माणसामागे चौदा टनांच्या वर. मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा छोटा देश माणशी दोन टनांपेक्षाही कमी सोडतो आणि त्याचे आयुर्मान ऐंशीच्या घरात, म्हणजे अमेरिकेच्या तोडीचे, किंबहुना किंचित सरसच आहे. श्रीलंका माणशी सुमारे एक टन सोडते आणि सत्त्याहत्तर वर्षे जगते. उलट दक्षिण आफ्रिका कोळशाच्या जोरावर माणशी सात टनांच्या आसपास पोचली, पण तिचे आयुर्मान सहासष्टच्या आसपास आहे. तिथे एड्सने माणसे नेली आणि विषमतेने उरलेल्यांना दुबळे केले. कोळसा त्यांना वाचवू शकला नाही.

कमी खर्चात चांगले आरोग्य मिळवणारे प्रदेश म्हणून १९८५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या अहवालाने चार नावे पुढे ठेवली : चीन, श्रीलंका, कोस्टा रिका आणि आपले केरळ. चौघांचे राजकारण वेगळे, धर्म वेगळे. समान होत्या त्या तीन-चार गोष्टी : मुलींच्या शाळा, चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा दवाखाना, सर्वांच्या ताटात पोचणारे धान्य आणि सरकारला जाब विचारण्याची किंवा सरकारने स्वतःहून पोचण्याची काही सोय. कुणी म्हणेल, केरळला आखातातल्या तेलाचा पैसा मिळाला. मिळाला, पण तो आला १९७० च्या दशकानंतर. केरळची बाळे त्याआधीच इतर राज्यांतल्या बाळांपेक्षा अधिक जगत होती. २०२३ च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार केरळात दर हजार जन्मांमागे पाच बालके दगावतात, देशात पंचवीस.

ब्रिटनमधल्या ज्युलिया स्टाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली सत्तर देशांचा १९७१ ते २०१४ या काळातला हिशेब मांडला. जळलेले इंधन आणि सोडलेला कार्बन यांच्या वाढीतून आयुर्मानातल्या वाढीचा फार तर एक चतुर्थांश भाग समजावून सांगता येतो, असे त्यांना आढळले. घरात पोचलेली वीज आणि पोटात गेलेले अन्न यांचा वाटा कितीतरी मोठा होता. उत्पन्नाच्या वाढीशी मात्र कार्बनचे नाते घट्ट होते. साध्या मराठीत सांगायचे तर, धुराने तिजोरी भरते. आयुष्य भरेलच असे नाही.

नदीच्या उत्तर तीरावर

इथवर जमेची बाजू झाली. आता नावेची.

कार्बन डायऑक्साइड हा वायू स्वतः फुप्फुसे जाळत नाही. तो एकटा येत नाही, ही खरी अडचण आहे. कोळसा जळतो तेव्हा त्याच्यासोबत काजळी, गंधकाचे वायू आणि राख निघते. आपल्या कोळशात तर शंभर किलोंमागे तीस ते पंचेचाळीस किलो राखच असते. यातले अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात उतरतात. म्हणून धुराचा बळी नेहमी खोकूनच मरतो असे नाही. पुष्कळदा तो हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातो, आणि दाखल्यावर धुराचे नाव कुठेच येत नाही.

या धुराची किंमत वर्षांत मोजायची संधी चीनने नकळत दिली. १९५० ते १९८० या काळात तिथल्या सरकारने हिवाळ्यात घरे गरम ठेवण्यासाठी ह्वाय नदीच्या उत्तरेकडे फुकट कोळसा पुरवला. दक्षिणेकडे पुरवला नाही, कारण तेवढे पैसे नव्हते. रेषा नदीवर ओढली गेली. हेतू चांगलाच होता. पण त्यातून उत्तरेत कोळशाचे बॉयलर बसले आणि योजनेचे दिवस सरले तरी ते धुमसत राहिले. मायकेल ग्रीनस्टोन आणि त्यांच्या चिनी व इस्रायली सहकाऱ्यांनी नदीच्या दोन्ही बाजूंचे मृत्यू तपासले. २०१३ साली त्यांचा निष्कर्ष आला की उत्तरेची माणसे सुमारे साडेपाच वर्षे कमी जगत होती. २०१७ मध्ये नव्या आकडेवारीने हा फरक सुमारे तीन वर्षांचा निघाला. फुकट मिळालेल्या कोळशाचे व्याज असे तीन वर्षांनी, नाहीतर पाच वर्षांनी वसूल झाले, आणि तेही कर्जदाराला हप्ता न कळवता.

चीनने पुढे काय केले, तेही सांगायला हवे. २०१४ मध्ये त्याने प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारले, आणि दहाएक वर्षांत तिथल्या हवेतले सूक्ष्म कण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. ही सुधारणा टिकली तर सरासरी चिनी माणसाला सुमारे दोन वर्षे अधिक मिळतील, असे याच अभ्यासकांचे अनुमान आहे. चीनने कोळसा सोडलेला नाही. माणशी आठ टन कार्बन तो आजही सोडतो. त्याने धुराड्यांना गाळण्या लावल्या, जुने बॉयलर मोडले, घरातला कोळसा हटवला. यातला धडा दुहेरी आहे. धूर आवरला तर कार्बन तसाच राहूनही वर्षे परत मिळतात. पण कोळसाच कमी केला तर धूर आणि कार्बन दोन्ही एका फटक्यात सुटतात.

हयातीचा दाखला

आपल्याकडे नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो घरबसल्या अंगठा टेकवून देता येतो. पूर्वी माणसे स्वतः शाखेत यायची. कोळसापट्ट्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. तिथे दर डिसेंबरात न आलेल्यांची यादी करावी लागे. त्या यादीवर बसून कुठलाही शास्त्रीय निष्कर्ष काढता येणार नाही. पण यादीतल्या जन्मतारखा मात्र डोळ्यांत भरत. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस त्रेसष्टाव्या, चौसष्टाव्या वर्षी येईनासा होई. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन त्याची बायको येई. बरोबर मुलगा असे, आणि तोही बहुधा ‘थर्मलला लागण्याच्या’ खटपटीत असे. धूर नको असे त्या घरातले कुणी म्हणत नव्हते, कारण चूल त्याच धुरावर पेटत होती. धुराच्या प्रश्नातली खरी गाठ ही आहे.

पाळण्यातली मरणे थांबली की सरासरी वाढते, हे वर आले. धूर दुसऱ्या टोकाने कुरतडतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची शेवटची वर्षे तो नेतो. वरून भर पडत असते आणि खालून गळती चालू असते. एकूण शिल्लक वाढताना दिसते, म्हणून गळतीकडे कुणाचे लक्ष जात नाही. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू दूषित हवेमुळे झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या गटाने ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये मांडला. देशातल्या एकूण मृत्यूंच्या तो जवळजवळ अठरा टक्के होता. १९९० पासून चुलीच्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर घटला आणि बाहेरच्या हवेचा वाढला. घरातला धूर आपण अंगणात नेऊन ठेवला, इतकेच. ग्रीनस्टोन यांच्या शिकागो विद्यापीठातल्या गटाच्या २०२५ च्या हिशेबाप्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाइतकी हवा स्वच्छ झाली, तर सरासरी भारतीय सुमारे साडेतीन वर्षे अधिक जगेल. दिल्लीकर आठ वर्षे.

इथे कुणी विचारील, की दिल्लीची हवा इतकी वाईट, तर तिचे आयुर्मान देशात सर्वांत वरच्या राज्यांच्या बरोबरीचे कसे? आणि कोळशाने भरलेल्या पण जंगलही राखून असलेल्या छत्तीसगडचे सर्वांत तळाशी, पासष्टच्या आसपास का? प्रश्न रास्त आहे. दिल्लीत इस्पितळे आहेत, पगार आहेत, नळाला पाणी आहे. छत्तीसगडचा कोळसा देशभरचे दिवे लावतो, पण त्याच्या खेड्यातल्या बाईला प्रसूतीसाठी मैलोन् मैल जावे लागते. म्हणजे कोळसा जिथून निघतो तिथे वर्षे मुक्कामाला राहत नाहीत. दिल्लीची तुलना छत्तीसगडशी करून उपयोग नाही. स्वच्छ हवेतली दिल्ली किती जगली असती, याच्याशी ती करायला हवी. बँकेच्या भाषेत हे न मिळालेले उत्पन्न आहे. ताळेबंदात ते दिसत नाही, तरी नुकसान खरेच असते.

छत्तीसगडनेच याच्यावरचा एक उतारा दाखवला आहे. तिथल्या शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवल्या गेल्या. दिल्लीतल्या सीईईडब्ल्यू या संस्थेने २०१७ मध्ये पाहणी केली, तेव्हा विजेची टंचाई असलेल्या साध्या केंद्रांपेक्षा सौर केंद्रांत महिन्याकाठी जवळजवळ दुप्पट बाळंतपणे होत असल्याचे आढळले. आयुष्याला हवा असलेला तो पहिला टन आता धुराशिवायही मिळू लागला आहे.

आणि दुसरीकडे? औष्णिक केंद्रांनी गंधक शोषणारी यंत्रे बसवावीत, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना या अटीतूनच मोकळे केले. यंत्रे महाग आहेत, वीज महागेल, आपल्या कोळशात गंधक कमी आहे, ही कारणे दिली गेली. कारणे खोटी नाहीत. परंतु कर्जाचा हप्ता पुढे ढकलला म्हणून कर्ज फिटत नाही. इथे तर तो हप्ता दुसराच कुणी भरतो आहे.

उधारी कुणाची?

काजळी काही दिवसांत पावसाने खाली बसते. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वर राहतो आणि पृथ्वी तापवतो. आजवर जगाने सोडलेल्या कार्बनपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. जगातला दर सहावा माणूस भारतीय असूनही आपला वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र उन्हाची झळ कुणाची उधारी किती, हे विचारून लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्या शहराने हात जोडून न बसता २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला : आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांत बर्फ, दुपारच्या कामाच्या वेळांत बदल. त्यातून पुढे दरवर्षी हजाराच्या वर मृत्यू टळले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुन्हा तेच. वाचवले ते साध्या, नीट केलेल्या कामाने.

श्रीमंत देशांना ‘आधी तुमची थकबाकी भरा’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि तो बजावलाच पाहिजे. पण त्या हक्काच्या आडून आपल्याच माणसांना धुराची वसुली लावणे शहाणपणाचे नाही. ज्या टनातून प्रसूतिगृहाचा दिवा लागतो, त्याबद्दल कुणाचीही माफी मागायचे कारण नाही. ज्या टनातून तिजोरी भरते आणि शेजारच्या वस्तीतला फिटर चौसष्टाव्या वर्षी जातो, त्याचा हिशेब मात्र विचारलाच पाहिजे, आणि त्याच्या मुलाला दुसरे काम कोणते देणार, हेही त्याच दमात.

२०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. उरलेला प्रवास किती वर्षांत करायचा, हा आकडा मंत्रालयांच्या फायलींत वर्षांतच लिहिलेला असतो. ती वर्षे कुणाच्या आयुष्यातून वजा होणार, हा रकानाही त्याच फायलीत असायला हवा.